क्लेम आता ऑनलाइनच : दवाखान्यांसाठी माहितीपत्रक

डॉक्टर, नमस्कार.

लातूर, उदगीर, निलंगा भागातल्या लहान दवाखान्यांचे विमा क्लेम भरून देण्याचं काम आम्ही करतो. डिस्चार्जनंतर झेरॉक्स काढायच्या, फाईल बांधायची आणि पुण्या-मुंबईला कुरिअर करायची, ही पद्धत आता मोडीत निघतेय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तर कागदी क्लेम चालतच नाही. २०१२ साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आपलं नांदेड होतं, त्यामुळे तिथल्या दवाखान्यांना ऑनलाइन क्लेम नवा नाही.

खासगी विमाही त्याच वाटेवर आहे. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने ‘नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्सचेंज’ उभारलंय. आज प्रत्येक टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेचं) पोर्टल वेगळं, पासवर्ड वेगळा. या एक्सचेंजवर सगळ्या कंपन्यांसाठी एकच मार्ग असेल. त्यासाठी दवाखान्याची नोंद ‘हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्री’त, म्हणजे देशभरातल्या दवाखान्यांच्या नोंदवहीत हवी. कॅशलेससाठी लागणारा १३ अंकी रोहिणी क्रमांक (विमा क्षेत्रातला दवाखान्याचा ओळख क्रमांक) अजून घेतला नसेल, तर तोही घेऊन ठेवा.

नोंदणी दोन-चार दिवसांच्या धावपळीत उरकते. खरी अडचण केसपेपरवर असते, आणि ती पेशंट दाखल होतानाच सुरू होते.

आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावलेली माणसं घरोघरी आहेत. पॉलिसीवर १ जून, आधारवर १ जानेवारी, आणि केसपेपरवर नातेवाइकाने सांगितलेलं ‘साठ-पासष्ट’. नावाचंही तेच : एका कागदावर विठ्ठल, दुसऱ्यावर विठ्ठलराव, तिसऱ्यावर आडनावच गायब. कागदी फाईल होती तेव्हा टीपीएचा माणूस फोन करून विचारायचा, आपण सांगायचो, भागायचं. आता जुळणी कॉम्प्युटर करतो. अक्षर हललं की क्वेरी, म्हणजे खुलाशाची मागणी, आलीच. म्हणून ॲडमिशनच्या टेबलावर तोंडी नाव लिहून घेऊ नका. विमा कार्ड आणि आधार शेजारी ठेवा, दोन्ही जुळतात का बघा, आणि जुळत नसतील तर त्याच वेळी आम्हाला कळवा. पेशंट घरी गेल्यावर दुरुस्ती करून घेणं फार जड जातं.

तसंच लेन्सच्या स्टिकरचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर सिस्टरने खोक्यावरचा स्टिकर तिथल्या तिथे ओटी नोटवर (ऑपरेशनच्या नोंदीच्या कागदावर) चिकटवावा. खोकं कचऱ्यात गेलं की त्या लेन्सचे पैसे मागायला आपल्या हातात पुरावा उरत नाही. अशी खोकी शोधायला आम्ही कचऱ्याच्या पिशव्या उपसल्या आहेत. ऑपरेशन नीट झालेलं असतं, डॉक्टरांनी जीव ओतून काम केलेलं असतं, आणि बोटभर कागदापायी पैसे अडकतात. फार जिवाला लागतं.

आता तुमच्या बाजूची गोष्ट. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या पहिल्या मागणीवर कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा, आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत. त्याहून उशीर झाला आणि त्यामुळे दवाखान्याचं बिल वाढलं, तर तो वाढीव खर्च कंपनीच्या माथी. पण हे ३ तास आपली मागणी पोचल्यापासून मोजतात. राउंड सकाळी, बिल दुपारी तीनला आणि मागणी पाचला गेली, तर नातेवाईक रात्रीपर्यंत पिशव्या बांधून बाकड्यावर बसणार. गावाकडची शेवटची एसटी तोवर निघून गेलेली असते. शक्य असेल तिथे डिस्चार्ज समरी आदल्या संध्याकाळीच तयार ठेवा.

लाइट आणि नेट जाण्याचा त्रास आम्हालाही ठाऊक आहे. स्कॅनिंग रोजच्या रोज करा, शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

एक विनंती आवर्जून. पोर्टलवर मोबाइल नंबर डॉक्टरांचा स्वतःचाच द्या. एका दवाखान्यात तो रिसेप्शनवरच्या मुलाचा होता. मुलगा नोकरी सोडून गेला आणि ओटीपी त्याच्याच फोनवर येत राहिले. नंबर बदलून मिळेपर्यंत त्या दवाखान्याचा एकही क्लेम पुढे सरकला नाही. तुमच्या नोंदणीत कोणाचा नंबर आहे, तो आजच तपासा.