पेट्रोलवरचा सगळा कर दिल्लीला जात नाही

दादरच्या पंपावर स्कूटरमध्ये दोनशेचं पेट्रोल टाकताना शेजारचा हमखास म्हणतो, "सगळा कर दिल्लीचा, राज्याच्या हातात काय आहे?" वर्षानुवर्षं हेच ऐकतोय, आणि ते साफ चूक आहे.

पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीबाहेर आहे. केंद्र उत्पादन शुल्क घेतं, त्यावर राज्य व्हॅट लावतं आणि हा व्हॅट राज्याच्याच तिजोरीत जमा होतो. जुलै २०२२ मध्ये पेट्रोल लिटरमागे ५ रुपयांनी आणि डिझेल ३ रुपयांनी उतरलं, ते राज्याने व्हॅट कमी केल्यामुळे. २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या डिझेलवरचा कर २४ वरून २१ टक्के झाला. म्हणजे तोवर आपण उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा जास्त दराने भरत होतो, आणि मला हे फार खटकतं.

"मग करच काढून टाका" म्हणणंही सोपं नाही. राज्याला नोटा छापता येत नाहीत. केंद्राचं जुनं कर्ज डोक्यावर असेपर्यंत नवं कर्ज काढायला घटनेच्या कलम २९३ प्रमाणे केंद्राची संमती लागते. तेव्हा सवलत हवी, तर कुठला तरी खर्च विधानसभेतच कापावा लागतो.