मोबाइल मीडिया प्लेअर

मोबाइल मीडिया प्लेअर म्हणजे फोनमध्ये किंवा मेमरी कार्डावर असलेली चित्रपटाची, व्हिडिओची किंवा गाण्याची फाइल उघडून ती दाखवणारे व ऐकवणारे ॲप. ऑनलाइन चित्रपट पुरवणाऱ्या सेवांच्या ॲपपेक्षा याची जात वेगळी. त्याच्याकडे स्वतःचा साठा नसतो. पाहणाऱ्याने पुढे ठेवलेली फाइल नीट चालवणे हेच त्याचे काम. व्हीएलसी आणि एमएक्स प्लेअर ही यातली सर्वांत परिचित नावे. एमएक्स प्लेअरला पुढे ऑनलाइन सेवेचीही जोड मिळाली.

फाइल चालवणे दिसते तेवढे सोपे नाही. फुल एचडी चित्राची एक चौकट (फ्रेम) १,९२० × १,०८० ठिपक्यांची असते आणि चित्रपटात सेकंदाला अशा २४ चौकटी येतात. एका ठिपक्याला सरासरी दीड बाइट धरला, तरी सेकंदाला सुमारे ७५ एमबी आणि दोन तासांच्या चित्रपटाला ५०० जीबीहून जास्त जागा लागेल. प्रत्यक्षात तोच चित्रपट दोन-तीन जीबीत मावतो, कारण तो दाबून साठवलेला असतो. हे दाबण्याचे आणि पुन्हा उलगडण्याचे तंत्र म्हणजे कोडेक. २००३ साली आलेले एच.२६४ आजही सगळीकडे चालते. एचईव्हीसी (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) ही त्यानंतरची तंत्रे तेवढ्याच दर्जाचे चित्र आणखी कमी जागेत बसवतात.

दाबण्याची युक्ती अशी की प्रत्येक चौकट पूर्ण साठवायचीच नाही. मधूनमधून एखादी चौकट पूर्ण ठेवायची आणि उरलेल्या चौकटींसाठी फक्त ‘शेजारच्या चौकटीत काय बदलले’ एवढेच नोंदवायचे. व्हिडिओ पुढे सरकवताना बोट एका जागी सोडावे आणि चित्र त्याच्या दोन-तीन सेकंद आधीपासून सुरू व्हावे, हा अनुभव बहुतेकांना असतो. तो बिघाड नव्हे. मधल्या चौकटी स्वतःच्या बळावर उभ्या राहू शकत नाहीत, म्हणून प्लेअर जवळची पूर्ण चौकट गाठतो आणि तिथून सुरुवात करतो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो फाइलच्या नावापुढच्या अक्षरांमुळे. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही कोडेकची नव्हे, डब्यांची नावे आहेत. डब्यात एक चित्राचा प्रवाह, आवाजाचे एक किंवा अनेक प्रवाह (ट्रॅक) आणि सबटायटल असा ऐवज एकत्र भरलेला असतो. २००२ साली पुढे आलेल्या एमकेव्हीचे मूळ नाव ‘मत्रोस्का’ हे एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून घेतलेले आहे, आणि ते अगदी चपखल आहे. म्हणूनच एक एमकेव्ही फाइल सुरळीत चालते आणि दुसरी त्याच फोनवर अडखळते: डबा तोच, आतला माल वेगळा. चित्र दिसते पण आवाज येत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे मूळही इथेच आहे. डीटीएस किंवा ई-एसी-३ यांसारख्या आवाजाच्या तंत्रांना परवाना लागत असल्याने काही ॲप ती मूळ ॲपमध्ये देत नाहीत. अशा वेळी फाइल खराब समजून पुसण्याआधी मेनूतून आवाजाचा दुसरा प्रवाह निवडून पाहावा किंवा दुसरा प्लेअर वापरावा.

उलगडण्याचे काम दोन प्रकारे होते. फोनच्या चिपमध्ये त्यासाठीच बनवलेला भाग असेल तर तो ते थोड्या विजेवर करतो. याला हार्डवेअर डिकोडिंग म्हणतात. चिपला ते कोडेक माहीत नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. मग फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते आणि चित्र आवाजाच्या मागे पडते. जुन्या फोनवर एव्ही१ फाइल चालवली की हे लगेच दिसते.

या ॲपमागचे बरेचसे श्रम मुक्त सॉफ्टवेअर (कोणालाही वापरता व बदलता येणारे) लिहिणाऱ्यांचे आहेत, हे आवर्जून नोंदवायला हवे. व्हीएलसीचा उगम १९९६ साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात झाला. २००१ साली ते मुक्त परवान्याखाली खुले झाले. फ्रेंच प्रोग्रॅमर फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेला एफएफएमपेग हा चित्र-आवाज दाबण्या-उलगडण्याच्या सॉफ्टवेअरचा संच आज असंख्य प्लेअरच्या पोटात काम करतो. व्हीएलसी आयफोनवर २०१० साली आले, पण त्याच्या परवान्याच्या आणि ॲप स्टोअरच्या अटी जुळेनात म्हणून २०११ च्या सुरुवातीला काढले गेले आणि २०१३ साली परतले.

हाताळणी बोटांची असते. अनेक प्लेअरमध्ये डाव्या बाजूला बोट वर-खाली फिरवले की उजेड, उजव्या बाजूला आवाज आणि आडवे फिरवले की वेळ बदलते. फोनचा पडदा चित्रापेक्षा लांबट असल्याने १६:९ चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात. त्या घालवण्यासाठी चित्र मोठे केले की वरखालचा भाग कापला जातो आणि माणसांची डोकी छाटली जातात. ताणले तर चेहरे रुंद होतात. पट्ट्या राहू देणेच बरे. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो, ओठ आधी हलतात. त्यासाठी आवाज मागेपुढे सरकवण्याची सोय असते.

सबटायटल हा मात्र या ॲपचा खरा मोठेपणा. परकी भाषा ऐकणाऱ्याला आणि ऐकू न येणाऱ्याला चित्रपट त्यामुळेच खुला होतो. ‘एसआरटी’ ही सर्वांत प्रचलित फाइल साध्या मजकुराची असते: एक अनुक्रमांक, खाली वाक्य दिसण्याची आणि जाण्याची वेळ, त्याखाली वाक्य. कोणत्याही नोटपॅडमध्ये ती उघडून दुरुस्त करता येते. तिचे आणि चित्रपटाच्या फाइलचे नाव सारखे ठेवून दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या की बहुतेक प्लेअर ती आपोआप उचलतात. सबटायटल सुरुवातीपासून सारखीच मागे असतील तर प्लेअरमधला विलंब बदलला की काम भागते. सुरुवातीला जुळून नंतर सरकत गेली, तर कारण वेगळे असते: ती सेकंदाला २५ चौकटींच्या प्रतीसाठी बनवलेली आणि चित्रपट २४ चौकटींचा. हा फरक तासाभरात अडीच मिनिटांपर्यंत जातो आणि तिथे वेगच बदलावा लागतो. देवनागरी सबटायटलच्या जागी अगम्य चिन्हे दिसली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये (सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) जतन करावी. अक्षरे ओळखू येतात पण वेलांटी भलतीकडे पडते आणि जोडाक्षरे फुटतात, तेव्हा दोष फाइलचा नसून अक्षरे जुळवणाऱ्या प्लेअरचा असतो.

साधा मजकूरही निर्धोक नसतो. २०१७ साली व्हीएलसी, कोडी आणि आणखी काही प्लेअरमध्ये असे दोष सापडले की खोडसाळपणे रचलेल्या सबटायटल फाइलमधून उपकरणाचा ताबा घेता येई. ते दुरुस्त केले गेले. तेव्हा प्लेअर अद्ययावत ठेवावा आणि सबटायटल मिळेल तिथून उचलू नयेत. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून व्हिडिओ, चित्रे आणि आवाज यांची परवानगी ॲपला वेगवेगळी मागावी लागते. फोनमधली फाइल चालवण्यासाठी प्लेअरला संपर्कयादीच्या किंवा ठिकाणाच्या परवानगीची गरज नसते. ती मागणारे ॲप घेऊ नये.