सिक्स बाय सिक्सवरचं फिरतं वर्कशॉप: पार्श्वभूमी

पावसाळ्यात निफाड-दिंडोरीच्या काळ्या रानात ट्रॅक्टर बंद पडला, तर तो गॅरेजपर्यंत येत नाही. गॅरेजलाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. पिकअपमध्ये वेल्डिंग मशीन टाकून जाणारे मिस्त्री नाशकात पुष्कळ आहेत, पण पिकअपची धाव शिवाररस्त्यापर्यंत. पुढचा अर्धा किलोमीटर जनरेटर आणि कॉम्प्रेसर न्यायचा कसा? सहाही चाकं ओढणाऱ्या, म्हणजे सिक्स बाय सिक्स, चेसीवर (गाडीच्या बॉडीखालच्या सांगाड्यावर) वर्कशॉप बांधायची कल्पना यातूनच परत परत वर येते.

कल्पना लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जीएमसी कंपनीचा अडीच टनी ट्रक साडेपाच लाखांहून अधिक संख्येने बनला आणि त्यातल्या काहींवर सामानाच्या हौद्याऐवजी पत्र्याची बंद खोली चढवली गेली. आत लेथ, व्हाइस, ड्रिल. आपल्याकडे 1959 पासून जबलपूरला बनलेला शक्तिमान चार चाकांच्या ओढीचा होता. सहा चाकांच्या ओढीच्या गाड्या त्या काळी बाहेरून आल्या, उदाहरणार्थ ग्रॅड रॉकेटं वाहणारी रशियन ट्रकगाडी उरल. देवळालीत तोफखान्याची शाळा असल्याने नाशिककरांना लष्करी गाड्यांची ओळख जुनी आहे आणि डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराने वापरून विकायला काढलेल्या, गाडीचं आकर्षणही.

सगळ्यात मोठा घोळ मात्र ‘सिक्स बाय सिक्स’ या शब्दाचा. त्याचा अर्थ सहा टायर असा नाही. पहिला आकडा चाकांच्या जागांचा, दुसरा इंजिनाचा जोर पोचणाऱ्या जागांचा. जोडटायर ही एकच जागा. त्यामुळे सहा टायरी साधा ट्रक भरतो फोर बाय टू, खडी वाहणारा दहा टायरी टिपर बहुधा सिक्स बाय फोर, आणि तो जुना जीएमसी दहाच टायरांवर उभा असून खरा सिक्स बाय सिक्स. ‘सहा चाकी पाहिजे’ एवढंच सांगून चेसी शोधायला निघालेला माणूस इथेच फसतो. मागच्या दोन हाउसिंगना (चाकांना जोर देणाऱ्या अॅक्सलना) ड्राइव्ह आहे, पण पुढचा नुसता बीम, म्हणजे जोर न पोचणारा अॅक्सल आहे, अशी गाडी चिखलात पुढची चाकं नांगरासारखी ढकलत बसते. शिवाय जोडटायरच्या फटीत काळी माती गच्च बसते आणि थोड्याच अंतरात दोन टायरांचा एक गुळगुळीत रूळ होतो. उरलच्या मागे रुंद एकेरी टायर आणि चालत्या गाडीत हवा कमी-जास्त करायची सोय असते, ती यासाठीच. आमच्या मातीला हेच हवं.

आडगाव नाक्याच्या बाजूला अशी एक घडवलेली गाडी मी आतून पाहिली आहे. फळ्यांच्या कडांना अँगल, म्हणजे उतारावर सामान घसरत नाही. प्रत्येक पान्याच्या जागी त्याच्याच आकाराची रंगवलेली रेघ, म्हणजे रानात काय राहिलं ते निघण्याआधी कळतं. व्हाइस मागच्या बंपरवर, दार न उघडता वापरता येईल असा. काम अतिशय मनापासून केलेलं. गाडी उभीच आहे, कारण पासिंग नाही.

ही अडचण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची. 2000 सालच्या दुरुस्तीपासून, उत्पादकाने दिलेला तपशील आणि नोंदणीतला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात हायकोर्टाने मालकांना मोकळीक दिली होती. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती काढून घेतली. त्याच वर्षीच्या नव्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा हेतू रास्त आहे: ब्रेक आणि वजनाचं गणित न करता जोडलेली तिसरी हाउसिंग घाटात जीव घेऊ शकते. पण मिरवायला रुंद टायर लावलेली जीप आणि शेतकऱ्याच्या बांधावर जाणारं वर्कशॉप यांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. नोंदणीत ‘मोबाइल वर्कशॉप’ हा वर्ग आहेच. कोऱ्या चेसीवर नियमात बसणारी बॉडी बांधून पहिल्याच नोंदणीला गाडी त्या वर्गात घालता येते. मूळ चेसीला जादा ओढीची हाउसिंग जोडली की वाट बंद. म्हणून नाशकातले जाणते बॉडीवाले आता गिऱ्हाइकाला आधी चेसीचे कागद मागतात, मापं नंतर घेतात.