153वी ओपन मोजायची कुठून?

2025 ला उत्तर आयर्लंडातल्या पोर्टरशला झाली ती 153वी ओपन, म्हणजे गोल्फची ब्रिटिश ओपन. हा आकडा 1860 पासून धरलेला आहे, मधली महायुद्धांची वर्षं, 2020 आणि 1871 वगळून. 1871 का वगळलं ते पुढे येतंच, पण आधी 1860, कारण त्या वर्षीची स्पर्धा ओपन नव्हतीच.

स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूजचा ज्याला कुणी हरवत नाही असा खेळाडू 1859 ला वारला आणि आता एक नंबर कोण हा प्रश्न उरला, म्हणून स्कॉटलंडातल्याच प्रेस्टविकच्या क्लबने 17 ऑक्टोबर 1860 ला स्पर्धा भरवली. 12 होलचा (बॉल घालायच्या खड्ड्यांचा) कोर्स, एकाच दिवसात तीन फेऱ्या, खेळायला आले आठ जण, विजेत्याचा स्कोअर, म्हणजे एकूण फटके, 174. आठही जण प्रोफेशनल. आता हा शब्द ऐकून करोडोंचे चेक डोळ्यासमोर येतात पण तेव्हा प्रोफेशनल म्हणजे कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा), बॉल बनवणारा, मैदान राखणारा, आणि क्लबचे मेंबर म्हणजे जंटलमन, त्यांना या स्पर्धेत प्रवेशच नव्हता. बक्षीस म्हणून रोख एक पेनीसुद्धा नाही, फक्त चांदीचं बक्कल असलेला लाल चामड्याचा बेल्ट, तोही वर्षभरापुरता. 1861 ला स्पर्धा सगळ्या जगाला खुली केली. म्हणजे शब्दाला जागायचं तर मोजणी 1861 पासून हवी आणि पोर्टरशची 152वी ठरायला हवी, निदान मला तरी तसंच वाटतं. अर्थात खुली झाली म्हणून लगेच काही बदललं नाही, पहिला हौशी विजेता मिळाला तो थेट 1890 ला. पैशाचं तर अजून अजब, 1863 ला 10 पौंड ठेवले ते दुसऱ्या ते चौथ्या नंबरात वाटले, विजेत्याला काहीच नाही, त्याला पहिल्यांदा 6 पौंड मिळाले 1864 ला.

बेल्टची अट होती, सलग तीनदा जिंकेल त्याचा कायमचा. 1868, 69, 70, तिन्ही वर्षं एकाच पोराने मारली, शेवटची तर दुसऱ्यापेक्षा 12 फटके कमी घेऊन, आणि बेल्ट घरी नेला. 1871 ला स्पर्धाच नाही. बेल्ट नव्हता म्हणून, असं सगळीकडे सांगतात, पण बेल्ट होता 25 पौंडांचा, जमीनदार मेंबर असलेल्या क्लबला तो जड होता होय? घोडं अडलं होतं ते पुढची स्पर्धा एकट्याने भरवायची की बाकीच्यांना वाटेकरी करायचं इथे, आणि त्यात वर्ष गेलं. 1872 ला तीन क्लबांनी 10-10 पौंड घालून चांदीचा जग (सुरई) करायला टाकला, तो वेळेत तयार झाला नाही म्हणून विजेत्याला मेडल दिलं. विजेता परत तोच पोरगा!

तेव्हापासून स्पर्धा आळीपाळीने फिरायला लागली, 1892 ला 72 होलची झाली, 1894 ला इंग्लंडात गेली. प्रेस्टविकला 24 वेळा झाली, शेवटची 1925 ला. त्या वर्षी गर्दी आवरेना, नंतर तिथे परत भरवलीच नाही.