मुलाच्या भेटीला दुसरा पालक येत नसेल तर कोर्टात नोंद कशी लावावी

देखरेखीखाली मुलाची भेट ठरवणारा लेखी आदेश असेल आणि त्या प्रकरणात तुम्ही पक्षकार असाल, तर चुकलेल्या भेटी कोर्टासमोर मांडता येतात. तोंडी ठरलेल्या भेटी इथे धरल्या जात नाहीत. छत्रपती संभाजीनगरला कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे ते नाही, तिथे आदेश दिलेल्या दिवाणी न्यायालयातच जावं. आधी नक्कल विभागातून आदेशाची प्रमाणित प्रत काढा.

भेटीच्या दिवशी मुलाला घेऊन वेळेआधी पोहोचा, हजेरी लावा आणि ठरलेली वेळ संपेपर्यंत थांबा. लवकर निघालात तर "मी आलो होतो, तेच नव्हते" हे समोरच्याचं म्हणणं खोडणं फार अवघड जातं. निघण्याआधी भेटीवर देखरेख करणाऱ्या कोर्टाच्या समुपदेशकांना गैरहजेरीची नोंद घ्यायची विनंती करा. समुपदेशनातलं बोलणं गोपनीय असतं, म्हणून मागायची ती फक्त हजेरीची नोंद. मग वकिलांमार्फत लगेच पुरसिस, म्हणजे घडलेली गोष्ट कोर्टाला कळवणारं छोटं लेखी निवेदन, द्या. सहा महिन्यांनी आठवून केलेल्या तक्रारीपेक्षा त्या त्या वेळी दिलेली चार ओळींची पुरसिस कितीतरी भक्कम.

घरच्या वहीत तारीख, ठरलेली वेळ, तुम्ही पोहोचल्याची वेळ, सोबत कोण होतं आणि आलेला निरोप जसाच्या तसा लिहा. "मुद्दाम टाळलं" असं लिहू नका. प्रवासाचं एसटी तिकीट जपा. मुलाचा रडतानाचा व्हिडिओ काढू नका. त्याला साक्षीदार करणं हा त्याच्यावर अन्यायच आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचे निवडक स्क्रीनशॉट अर्धवट म्हणून आक्षेपात अडकतात. सलग संवादाची प्रिंट द्या, मूळ मोबाइल जपा आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, प्रमाणपत्र जोडा. त्याचा भाग 'ब' तज्ज्ञाने भरायचा असतो, तोच बहुतेकदा राहून जातो.

अर्जासोबत शपथपत्र, आदेशाची प्रत, तारखांचा तक्ता आणि कागदपत्रांची यादी लागते. मागणी नेमकी ठेवा: वेळ बदलणं, आगाऊ कळवण्याची अट किंवा भेटीच्या आदेशात फेरबदल. बीडकडचा पालक ऊसतोडीला गेला असेल तर ते कारणही प्रामाणिकपणे लिहा आणि हंगामापुरती व्हिडिओ कॉलची भेट सुचवा.

निकाल येईपर्यंत स्वतःहून भेटी बंद करू नका, पोटगी थकली असली तरी. ती वसूल करायचा अर्ज वेगळा असतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.