बूस्टर परत आला, पण रॉकेट परत आलं का?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. जळगाव, भुसावळ, चोपड्याकडे गच्चीवर असलेल्यांना आकाशातून जळत जाणारी ठिणग्यांची रांग दिसली. व्हॉट्सअॅपवर ती आधी उल्का होती, मग विमान, मग थेट क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. अभ्यासकांच्या मते तो चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा वरचा टप्पा होता. उपग्रह सोडून झाल्यावर वर भटकत राहिलेला आणि शेवटी आपल्या डोक्यावर जळालेला.

‘पुन्हा वापरता येणारं रॉकेट’ अशी बातमी आली की मला तो पाडवा आठवतो. या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक अर्धवट पुनर्वापर, म्हणजे स्पेसएक्सचं फाल्कन ९. दुसरा पूर्ण पुनर्वापर, म्हणजे त्याच कंपनीचं स्टारशिप, जे अजून घडतंय. दोन्हींच्या व्हिडिओत खालून आग ओकत सरळ उभा उतरणारा दांडका दिसतो, म्हणून गल्लत होते.

भुसावळच्या रेल्वेवाल्यांना यातला फरक लगेच कळेल. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिन लागतं, ते थळ घाट चढवून इगतपुरीला सुटतं आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली येतं. फाल्कन ९ चा परत येणारा भाग, म्हणजे खालचा टप्पा किंवा बूस्टर, हा असा बँकर आहे. हे एका निवृत्त लोको पायलटना सांगितलं, तर त्यांनी नेमकं विचारलं, “मग पुढची गाडी कुठे जाते भो?” पुढची गाडी, म्हणजे वरचा टप्पा, दर खेपेला टाकून दिला जातो. बहुतेक वेळा तो ठरवून समुद्रावर जाळतात. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये एकाचे तुकडे पोलंडमध्ये पडले.

फाल्कनची कामगिरी म्हणून छोटी ठरत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पहिला बूस्टर उभा उतरला, मार्च २०१७ मध्ये वापरलेला बूस्टर पुन्हा उडाला आणि २०२५ मध्ये एकाच बूस्टरने तिसावं उड्डाण केलं. टोकावरचं आवरणही समुद्रातून उचलून पुन्हा वापरतात. मग वरचाच टप्पा का सोडायचा?

खरी गोम वेगात आहे. बूस्टर साधारण ताशी आठ हजार किलोमीटरच्या आसपास असताना सुटतो. वरच्या टप्प्याला कक्षेत राहायला ताशी अठ्ठावीस हजार गाठावे लागतात. वेग साडेतीन पट, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दर किलोमागे बारा पटीच्या आसपास. परत येताना ती सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते. बूस्टर थोडं इंजिन चालवून आणि जाळीदार पंखांनी सावरून निभावतो. वरच्या टप्प्याला अंगभर उष्णतारोधक कवच हवं.

आणि कवचाला वजन असतं. बूस्टरवर एक किलो वाढवला तर उपग्रहाच्या वजनात त्याचा थोडाच हिस्सा कापला जातो. वरच्या टप्प्यावर वाढवलेला प्रत्येक किलो मात्र अख्खाच्या अख्खा मालातून वजा होतो. फाल्कन ९ सगळं फेकून द्यायचं ठरवलं तर पृथ्वीजवळच्या कक्षेत २२.८ टन नेऊ शकतं, बूस्टर परत आणायचा तर साडेसतरा टनांच्या आसपास. त्यातून वरच्या टप्प्याचं कवच, पंख आणि उतरण्याचं इंधन वजा केलं तर हाती फारसं काही उरत नाही. तो टप्पा परत आणायचा विचार कंपनीने केला होता, नंतर सोडून दिला.

म्हणूनच पूर्ण पुनर्वापराचं रॉकेट अवाढव्य असतं. माझ्या मते हा मुद्दा बातम्यांत सगळ्यात कमी येतो. स्टारशिपची उंची १२० मीटरच्या पुढे आहे आणि व्यास ९ मीटर. खाली ३३ इंजिनं, वर ६. आकाराचा हा सोस नाइलाजातून आला आहे. टाकी मोठी केली की आतलं इंधन घनाच्या हिशेबाने वाढतं, पत्रा आणि कवच वर्गाच्या. परतीचं ओझं सोसूनही शंभर टन माल उरावा, हे उद्दिष्ट आहे.

बाकीचे निर्णयही तिथूनच निघतात. केरोसिनची काजळी इंजिनात बसते, म्हणून मिथेन. पोलाद जड खरं, पण अतिथंड इंधनात आणि परतीच्या उष्णतेतही ताकद टिकवतं. उतरायला पायांचं वजन नको म्हणून प्रक्षेपण मनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांनी बूस्टर हवेतच धरायचा. १३ ऑक्टोबर २०२४ ला तो पहिल्यांदा धरला आणि २७ मे २०२५ ला एकदा उडालेला बूस्टर पुन्हा उडवला.

पण वरचं यान? जून २०२४ च्या उड्डाणात त्याच्या पंखाची कड कॅमेऱ्यासमोर वितळत, गळत गेली. तरीही त्याने हिंदी महासागरावर वेग कमी करून अलगद पाणी गाठलं. ऑक्टोबर २०२५ च्या अकराव्या उड्डाणापर्यंत एकही यान मनोऱ्याने धरलेलं नाही की पुन्हा उडवलेलं नाही. म्हणजे ‘पूर्ण’ हा शब्द तोवर आराखड्यातच होता.

अमेरिकेचं स्पेस शटल याच्या उलट होतं. तिथे वरचं यान परत यायचं आणि नारिंगी टाकी जळून जायची. १९८१ ते २०११, १३५ उड्डाणं. पण प्रत्येक वेळी अंगावरच्या हजारो उष्णतारोधक फरशा तपासत महिनोन्‌महिने जायचे आणि खर्च काही उतरला नाही.

आपल्या इस्रोचं काय? सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ८,२४० कोटी रुपयांच्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला मंजुरी दिली: ३० टन क्षमता आणि परत वापरता येणारा पहिला टप्पा. फक्त पहिला, म्हणजे तो फाल्कनच्या रांगेतला. वरून परत येण्याचा अवघड भाग ‘पुष्पक’ या पंखवाल्या यानाकडे आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडून ते धावपट्टीवर आपलं आपण उतरवलं गेलं. कक्षेतून परत येण्याची चाचणी ही त्याच्या पुढची पायरी.