फर्पा

अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी कोणी पाहायच्या आणि कोणाला दाखवायच्या, हे ठरवणारा कायदा. पूर्ण नाव ‘फॅमिली एज्युकेशनल राइट्स अँड प्रायव्हसी ॲक्ट’. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांच्या पुढाकारामुळे ‘बकली दुरुस्ती’ हेही नाव रूढ आहे. राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी २१ ऑगस्ट १९७४ रोजी त्यावर सही केली.

शाळा आपल्या मुलाविषयी काय लिहून ठेवते ते पालकांनाही पाहता यावे, हा कायद्याचा एक मूळ हेतू. कॉलेजात मात्र तोच पालकांच्या आड येतो. मूल १८ वर्षांचे झाले, किंवा त्याआधीच कॉलेजात दाखल झाले, की हे सारे हक्क त्याच्याकडे जातात. सतराव्या वर्षी कॉलेजात गेलेल्या मुलीचे गुण एरवी तिच्या लेखी संमतीशिवाय वडिलांना सांगता येत नाहीत; फी त्यांनीच भरली असली तरी.

अपवाद आहेत. अमेरिकी करकायद्यानुसार मूल पालकांवर अवलंबून असेल, जिवाला धोका असेल, किंवा २१ वर्षांखालील विद्यार्थ्याने दारू वा अमली पदार्थांबाबतचा नियम मोडला असेल (ही भर १९९८ची), तर पालकांना कळवता येते. ‘येते’, कळवलेच पाहिजे असे नाही. म्हणून ‘फर्पामुळे सांगता येत नाही’ या उत्तरामागे पुष्कळदा कायदा नसतो, कॉलेजचे स्वतःचे धोरण असते. शिवाय प्राध्यापकाने वर्गात डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट ही ‘नोंद’ नव्हेच. हा गैरसमज किती महागात पडतो याची चर्चा १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या अमेरिकी विद्यापीठात झालेल्या गोळीबारानंतर झाली. त्यात ३२ जणांचा बळी गेला होता. पुढच्याच वर्षी आणीबाणीविषयीचे नियम सैल करण्यात आले.

विद्यार्थ्याने मागणी केल्यावर ४५ दिवसांत नोंदी दाखवाव्या लागतात. प्राध्यापकाची खासगी टिपणे त्यात येत नाहीत. आर्थिक मदतीसाठी आईवडिलांनी दिलेले उत्पन्नाचे कागदही मुलाला दाखवण्याचे बंधन नाही, म्हणजे पडदा दोन्हीकडून आहे. तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दाराबाहेर ठेवून ‘आपापली शोधून घ्या’ म्हणणेही नियमात बसत नाही.

कायदा मोडल्यास सरकारी अनुदान बंद होऊ शकते. विद्यार्थ्याला त्यासाठी स्वतः दावा लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये गोन्झागा विद्यापीठाच्या खटल्यात ठरवले.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क इथे माहिती अधिकारातून आला, तोही सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालाने. पुण्या-नागपुराहून मुलांना अमेरिकेत धाडणाऱ्या पालकांना करअवलंबनाचा अपवाद सहसा उपयोगी पडत नाही, कारण पुराव्यादाखल अनेक कॉलेजे अमेरिकेतले करविवरणपत्र मागतात. उरतो तो संमतीचा अर्ज. तो विद्यार्थ्यानेच भरायचा असतो, आणि पुढे त्याला तो मागेही घेता येतो.